तीन फोनवाले, एक डबेवाला आणि बाकीची गर्दी

दादरच्या ब्रिजवर सकाळी साडेदहा-पावणेअकराला कधी नुसतं उभं राहून बघितलंय का? उभं राहायला जागा नसते हे खरंय, पण कठड्याला चिकटून, खांबाच्या आडोशाला पाच-दहा मिनिटं काढता येतात. मी एकदा मित्राची वाट बघत असाच उभा होतो (तो फोनवर 'पोचलोच' म्हणत होता, म्हणजे अजून घाटकोपरला) आणि समोरून एक डबेवाला आला. डोक्यावर तो सहा-सात फुटी लाकडी क्रेट, डबे खच्चून भरलेले, चाल जवळजवळ पळाल्यासारखी आणि तोंडाने 'ए बाजू, बाजू, लगेज'. आता हिशोबाने बघा, त्या ब्रिजवर त्याच्याइतका अडचणीचा माणूस दुसरा कुणी नाही. बाकीच्यांपेक्षा फास्ट, बाकीच्यांपेक्षा लांब, आणि कुणाला लागला तर डोकंच फुटायचं. पण गर्दी अशी उघडली की विचारू नका, तो गेला आणि मागे परत मिटली, कुणाचा साधा खांदाही कुणाला लागला नाही.

अर्ध्या मिनिटाने एक मुलगा आला. किडकिडीत, बॅग पुढे घेतलेली, एकदम शहाण्यासारखी, आणि मान फोनमधे. कुणाला धक्का दिला नाही, घाई नाही, काही नाही. पण तो जिथून गेला तिथे समोरचे तिघं-चौघं आधी थबकले, मग एक डावीकडे गेला तर डावीकडचा त्याच्यावर आला, एका काकूंची पिशवी कुणाच्या तरी पायात अडकली, आणि तो मुलगा पार पुढे निघून गेल्यावरही मागे पाच-सात सेकंद ती गडबड चालूच होती.

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतो ना आपण, तर गर्दीत त्या प्रकृतींचं नेमकं काय होतं यावर जगात बराच रिसर्च झालाय आणि तो वाचताना मला सारखे हे दोघं आठवत राहिले. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. फिजिक्सचं नाव ऐकून पळू नका, गणित फक्त एकदाच येणारे आणि तेही गुणाकार-भागाकाराचंच.

आधी एक साधी गोष्ट. ब्रिजवर जाणारे आणि येणारे असे दोन प्रवाह असतात आणि कुणी पोलीस नसला, मधे दोरी नसली तरी थोड्या वेळात त्यांच्या रांगा पडतात. जाणाऱ्यांची एक पट्टी, येणाऱ्यांची एक, कधी कधी तीन-चार पट्ट्या. कुणी ठरवत नाही. प्रत्येक जण फक्त एवढंच बघतो की माझ्यासमोर माझ्याच दिशेने जाणारा कोण आहे, त्याच्या मागे लागलो की टकरा कमी. झालं, रांग तयार. डर्क हेल्बिंग नावाच्या शास्त्रज्ञाने पीटर मोल्नारबरोबर १९९५ मधे याचं एक मॉडेल केलं, त्यात माणूस म्हणजे एक कण धरला, त्याला पुढे ओढणारी एक ओढ आणि दुसऱ्या माणसांपासून, भिंतींपासून लांब ठेवणारा एक रेटा, बस एवढंच. आणि कॉम्प्युटरवर ते कण सोडल्यावर त्यांच्याही आपोआप रांगा पडल्या. म्हणजे रांग पडायला संस्कार लागत नाहीत, मला ही गोष्ट भारी वाटते, कारण आपल्याकडे रांगेचा विषय निघाला की दोन मिनिटांत माणूस नागरिकशास्त्रावर जातो.

पण माणूस कण नाही, माणूस अंदाज बांधतो. समोरचा कुठे वळणारे हे आपण त्याच्या खांद्यावरून, नजरेवरून, पावलावरून ओळखतो आणि तोही आपलं तसंच ओळखत असतो. दोघंही थोडं थोडं सरकतात. हे दोन्हीकडून चालतं, ही यातली मेख. जपानमधल्या हिसाशी मुराकामी आणि त्यांच्या टीमने याचाच प्रयोग केला, २०२१ मधे तो प्रसिद्ध झाला. २७ जणांचे दोन गट, समोरासमोरून चालत यायचं आणि एकमेकांतून पार व्हायचं. साधं चालले तर पटकन रांगा पडल्या. मग एका गटातल्या फक्त तिघांच्या हातात फोन दिले आणि चालता चालता त्यावर बेरजा करायला सांगितल्या. चोपन्नात तीन! आणि ते तिघं गटाच्या अगदी पुढे असले की रांगा पडायला वेळ लागायला लागला, सगळ्या गटाचा वेग मंदावला. मजा म्हणजे नुसते फोनवाले अडखळले नाहीत, ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांनाही एकदम झटक्यात बाजूला व्हावं लागत होतं. कारण अंदाज बांधणं हा दोघांचा व्यवहार आहे, एकाने दुकान बंद केलं की दुसऱ्याचंही गिऱ्हाईक जातं. तेच तिघं मधे किंवा मागे ठेवले तर एवढा फरक पडत नव्हता, कारण तोवर पुढच्यांनी वाट पाडून ठेवलेली असते.

या रिसर्चला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे ते आधी हसू येतं आणि मग विचार करायला लावतं अशा कामाला देतात ते. गंमत अशी की त्याच वर्षी दुसरं एक इग नोबेल नेदरलँड्समधल्या आइंडहोवन स्टेशनवर माणसं मोजणाऱ्या टीमला मिळालं. एकाचा विषय 'माणसं सारखी एकमेकांवर का आपटत नाहीत' आणि दुसऱ्याचा 'माणसं कधीकधी का आपटतात'. दोन्ही एकाच समारंभात. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे पुढे येईलच.

तर डबेवाला आणि फोनवाला यांच्यातला फरक इथे कळतो. दोघंही चारचौघांपेक्षा वेगळं वागतायत. पण डबेवाल्याचं वेगळेपण पन्नास फुटांवरून वाचता येतं, कानाने ऐकू येतं, आणि तो काय करणार हे सगळ्यांना माहितेय, तो सरळ जाणार, थांबणार नाही. फोनवाल्याचं काहीच वाचता येत नाही. काठी टेकत येणारे आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, पाटी डोक्यावर घेतलेली मावशी, यांच्यामुळे गर्दी हळू होते पण विस्कटत नाही. वेगळं असण्याने फारसं बिघडत नाही, न कळण्याने बिघडतं. माझं तर आता ठाम मत झालंय की स्टेशनवर 'मोबाइल वापरताना रूळ ओलांडू नका' सारखंच 'जिन्यावर मोबाइल बघू नका' पण लावायला हवं. लावतील आणि कुणी वाचणार नाही, सगळे फोनमधे, ते वेगळं.

आता तिरकं चालणारे. हा माझा जुना राग आहे. स्टेशनच्या मोठ्या मोकळ्या जागेत सगळे दोन दिशांनी चाललेले असतात आणि एखादा कोपऱ्यातल्या वडापाववाल्याकडे पाहून जो काही कर्ण काढतो! तर यावरही काम झालंय. कॅरोल बॅसिक, टिम रॉजर्स वगैरे मंडळींनी आधी गणित मांडलं आणि मग एका जिममधे माणसांना डोक्यावर खुणा छापलेल्या कागदी टोप्या घालून उलटसुलट चालायला लावलं, वर कॅमेरा. २०२५ मधे ते छापून आलं. निघालं असं की माणसं अगदी समोरासमोर चालत असतील तर रांगा टिकतात, थोडं इकडेतिकडे चालतं, पण दिशांमधला हा पसारा साधारण १३ अंशांच्या वर गेला की रांगा मोडतात आणि सगळी खिचडी होते. १३ अंश म्हणजे किती, तर घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत १२ अंश सरकतो. एवढंसंच! आणि खिचडी झाली की सगळ्यांचाच वेग पडतो, सरळ जाणाऱ्यांचाही. म्हणजे तो वडापाववाला माणूस दहा सेकंद वाचवतो आणि बाकीच्यांचे मिळून किती घालवतो देव जाणे.

घोळक्यांचं तर आपल्याला माहितीच आहे. पुण्यात तुळशीबागेत लग्नाची खरेदी करायला निघालेली चार बायकांची टीम आणि मागे पिशव्या धरून एक भावोजी, यांना ओव्हरटेक करून दाखवा. मेहदी मुसैद या शास्त्रज्ञाने फ्रान्समधल्या तुलूझ शहरात रस्त्यावरची माणसं मोजली तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर ७० टक्क्यांपर्यंत लोक एकेकटे नव्हतेच, कुणाबरोबर तरी होते. रस्ता मोकळा असला की हे लोक एका ओळीत शेजारी शेजारी चालतात, गर्दी वाढली की ओळ वाकते आणि मधला थोडा मागे पडतो. पक्षी उडताना बाणासारखा आकार करतात ना, मधला पुढे, हवा कापायला? माणसं बरोब्बर उलटा करतात. हवेला नाही, समोरून येणाऱ्या माणसांना कापायचं असतं तरीही उलटाच! कारण त्यात सगळ्यांची तोंडं एकमेकांना दिसतात, गप्पा तुटत नाहीत. चालायला वाईट, बोलायला उत्तम. माणसाची प्रायोरिटी कळते यावरून.

आता हे वाचताना 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे वाक्य कुणाच्या तरी जिभेवर आलंच असेल. थांबा. आयआयटी कानपूर आणि जर्मनीतली युलिशची संस्था यांनी मिळून एक प्रयोग केला होता, २००९ चा पेपर आहे. एका लंबगोल वाटेवर माणसं एकामागे एक चालवायची, ओव्हरटेक करायचा नाही, आणि हळूहळू माणसं वाढवत न्यायची. जर्मनीत जर्मन, भारतात भारतीय. माणसं वाढली की वेग कमी होणार हे उघड आहे, पण भारतीयांचा वेग जर्मनांपेक्षा कमी पडला. म्हणजे पडला कमी, घट कमी झाली असं म्हणायचंय मला, गोंधळ नको. दाटी झाली तरी आपली माणसं चालती राहिली. पुढच्यापासून अंतर ठेवायची आपली गरजच कमी, वेग शून्यावर येतो तेव्हा आपलं अंतर २२ सेंटीमीटर आणि जर्मनांचं ३६. आणि पेपर लिहिणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय की आश्चर्य म्हणजे भारतीयांचं बेशिस्त वागणं जर्मनांच्या शिस्तीपेक्षा जास्त कामाचं ठरलं. मी हे वाचून घरी जोरात वाचून दाखवलं होतं. अर्थात फुशारकी मारायला नको, ते एकेरी रांगेत होतं, कोपरं मारायला जागाच नव्हती. आणि २२ सेंटीमीटरवर खूश असणारी माणसं कुठल्याही जागेत जास्त मावतात, आणि जास्त मावणं हीच पुढे जाऊन अडचण होते.

एकेरी रांगेत अजून एक होतं, सगळ्यात हळू चालणारा सगळ्यांचा वेग ठरवतो, घाटात पुढे ट्रक लागल्यासारखं. मागे कितीही गाड्या असू देत, कितीही भारी इंजिन असू दे, ट्रक म्हणेल तो वेग. म्हणून सरासरी वेग काढून पूल आणि जिने डिझाइन केले की गंडतं. सरासरी माणूस जिन्यावर नसतोच, जिन्यावर गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईसारख्या बायका असतात आणि ९.१२ ची फास्ट पकडायची असलेले लोक असतात.

घाईवरून आठवलं. घरी डब्यात तांदूळ भरताना नरसाळं वापरता का? दाणे सुरसुर पडत असतात आणि एकदम थांबतात, मग टिचकी मारावी लागते. तोंडाशी दाण्यांची कमान झालेली असते, प्रत्येक दाणा दुसऱ्याला अडवून धरतो, आणि वरून जितका दाबाल तितकी ती कमान घट्ट. दारात माणसांचं हेच होतं. २००० मधे हेल्बिंग, फर्कस आणि विचेक या तिघांनी मॉडेलमधे दाखवलं की प्रत्येकाला बाहेर पडायची घाई वाढवत नेली की एका मर्यादेनंतर बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. पुढे स्पेनमधे नवारा विद्यापीठातल्या लोकांनी हे खऱ्या माणसांवर केलं, आणि मेंढरांवरही! गोठ्याच्या दारातून खायला धावणारी मेंढरं कशी अडकतात याची मापं काढली. आमच्या लोकलच्या दारात 'अरे पहले उतरने दो' म्हणून जो कोणी ओरडतो त्याने यातला एकही पेपर वाचलेला नसतो पण त्याचं बरोबर असतं. आणि लोकलच्या दाराच्या मधोमध तो उभा खांब असतो बघा, तर दारापुढे असा अडथळा ठेवला की गर्दी उलट सुरळीत बाहेर पडते का यावर पण भरपूर प्रयोग झालेत, काहींत फायदा दिसला, काहींत नाही. आमच्याकडचा खांब मुळात लटकायला आहे, त्यामुळे तो वाद सोडा.

हेल्बिंग, फर्कस आणि विचेक या त्याच तिघांनी अजून एक गंमत दाखवली होती. समोरासमोरच्या दोन प्रवाहांत माणसांची नुसती चुळबुळ वाढवली, म्हणजे अस्वस्थ होऊन उगाच इकडे वळ, तिकडे बघ, ही रांग सोडून त्या रांगेत घूस, तर पडलेल्या रांगा मोडल्या आणि सगळं गोठलं. बर्फ तापवला की त्याचं पाणी होऊन वाहायला लागायला हवं, इथे पाणी तापवलं की बर्फ! टोलनाक्यावर सारखी लेन बदलणारा जो कोणी तुमच्या गाडीत असेल त्याला हे सांगून बघा.

इथपर्यंत सगळं तसं चेष्टेचं होतं कारण इथपर्यंत माणसाला वागायला जागा असते. आता पुढचं.

घरात दोन फूट बाय दोन फुटाच्या फरश्या असतात ना, तशा साधारण पावणेतीन फरश्या म्हणजे एक चौरस मीटर. एवढ्यात एक-दोन माणसं असतील तर मजेत चालतात. तीन-चार झाली की चाल आखूड होते, पुढच्याच्या टाचा दिसायला लागतात. पाच झाली की चहूबाजूंनी अंग लागतं. आणि जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने खूप आधी लिहून ठेवलंय की साधारण सातच्या आसपास गर्दी ही माणसांची राहत नाही, ती द्रव होते. एका फरशीवर अडीच माणसं. तिथे तुम्ही फास्ट चालणारे की स्लो, फोन बघणारे की सज्जन, काही फरक पडत नाही, कारण तुम्ही चालतच नसता, तुम्हाला चालवलं जातं. लाट येते, पाय जमिनीवरून सुटतात, आणि ती लाट कुणी ढकलल्यामुळे आलेली असते असंही नाही, दूर कुठेतरी शंभर जणांनी तोल सावरायला अर्धं पाऊल टाकलं त्याची बेरीज असते ती.

स्पेनमधेच पाम्प्लोनाला सान फर्मिन उत्सवाच्या पहिल्या दिवशी चौकात हजारो लोक खच्चून जमतात. डेनिस बार्तोलो आणि त्यांच्या टीमने वरून कॅमेरे लावून ती गर्दी काही वर्षं शूट केली. बघताना वाटतं लोक नुसते धक्काबुक्की करतायत. पण मापं काढल्यावर दिसलं की शेकडो माणसांचा अख्खा ठोकळा एकदम गोल गोल डोलतोय, आणि एक फेरी साधारण १८ सेकंदांची. त्यातल्या एकालाही माहिती नाही की आपण फेरी मारतोय. २०१० मधे जर्मनीत डुइसबर्गला लव्ह परेडमधे २१ लोक गेले, त्या वेळच्या व्हिडिओंतही तसंच डोलणं सापडलं.

मग आमच्या लोकलमधे रोज लोक का मरत नाहीत डब्यात, हा प्रश्न मला पडला होता. कारण रेल्वेचीच एक कॅटेगरी आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे उभ्याच्या जागेत चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. एका फरशीवर पाच-सहा! सातला द्रव होतं म्हणता, इथे दुप्पट. मला पटलेलं उत्तर असं की जीव घेतो तो दाब, आणि दाब मागे किती माणसं आहेत त्यावर वाढत जातो. डब्याला भिंती आहेत, वर कड्या आहेत, मागून रेटणाऱ्यांची संख्या ठरलेली आहे, लाट येते ती चार हातांवर पत्र्याला लागून मरते. उघड्या रस्त्यावर मागून माणसं येतच राहतात.

आणि इथे एल्फिन्स्टन रोडचा ब्रिज आठवतो. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाची वेळ, एकदम मोठा पाऊस आला. २३ माणसं गेली. आता त्या ब्रिजवरच्या एकेकाचं वागणं बघा. ज्यांच्याकडे छत्री नव्हती ते छपराखाली जिन्याच्या तोंडाशी थांबले. यात काय चुकलं? पाऊस पडला की आपण थांबतोच. खाली लोकल येत होत्या, उतरलेले लोक ऑफिसला उशीर होतोय म्हणून वर चढत होते. यात काय चुकलं? रोज चढतात. मागच्याला पुढे कुणी थांबलंय हे दिसत नव्हतं, पुढच्याला मागून किती येतायत ते कळत नव्हतं. फुलवाल्याचं 'फूल गिर गया' हे लोकांनी 'पूल गिर गया' असं ऐकलं, असंही तेव्हा बातम्यांत आलं होतं. पण ते ऐकायच्या आधीच जिना भरलेला होता.

आता ते गणित. ब्रिटनमधे स्टेडियमसाठी ग्रीन गाइड म्हणून एक मार्गदर्शिका वापरतात. त्यात सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं धरतात, जिन्यावर ६६. समजा एका जिन्याची रुंदी २ मीटर, म्हणजे मिनिटाला १३२. समजा दोन लोकल एकदम आल्या आणि त्यातून मिळून हजार माणसं या जिन्याकडे निघाली. साडेसात मिनिटं लागणार, तीही सगळी एकाच दिशेने असतील आणि कुणी मधे थांबलं नाही तर. आणि पीक अवरला पुढची लोकल तीन-चार मिनिटांत हजर असते. हे कुठल्या एका स्टेशनचं गणित नाही, मी कागदावर मांडलेलं आहे, पण हे मांडल्यापासून मला गर्दीच्या वेळी 'लोकांनी धीर धरायला हवा होता' असं कुणी म्हटलं की राग येतो. धीर कुठून आणणार, मागचे थांबले असते तरी त्यांच्या मागून अजून येणारच होते. एल्फिन्स्टनला नंतर आर्मीने नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मधे सुरू झाला, आणि स्टेशनचं नावही त्याच वर्षी प्रभादेवी झालं.

शब्दाचंच बघा. इंग्रजी पेपरात लगेच 'स्टॅम्पीड' छापतात, म्हणजे बुजलेली गुरं उधळावीत तसं. मराठीत आपण चेंगराचेंगरी म्हणतो आणि तो शब्द कितीतरी खरा आहे, त्यात कुणी पळत नाही, त्यात चेंगरणं आहे. मरणारी बहुतेक माणसं पायाखाली तुडवून मरत नाहीत, छाती फुगवायला जागा न मिळाल्याने मरतात, बरेचदा उभ्या उभ्या. आणि लोक घाबरून जनावरासारखे वागतात हेही फारसं खरं नाही. ससेक्स विद्यापीठातले जॉन ड्रुरी यांनी २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून दाखवलं की अनोळखी लोक एकमेकांना धरून होते, मदत करत होते. २००५ मधेच आपल्याकडे वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं गेली. अरुंद वाट, उतार, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि वरून खाली येणारे नि खालून वर जाणारे एकाच ठिकाणी. त्यात कुणाचा स्वभाव काय करणार?

साऊथ कोरियात सोलला इतेवॉनच्या गल्लीत २९ ऑक्टोबर २०२२ ला १५९ लोक गेले. उताराची गल्ली, सगळ्यात अरुंद ठिकाणी ३.२ मीटर. माणसं चेंगरली रात्री सव्वादहाच्या सुमारास, आणि पोलिसांना पहिला फोन आला होता ६ वाजून ३४ मिनिटांनी, की इथे लोक चेंगरून मरतील असं वाटतंय म्हणून. साडेतीन तासांहून जास्त आधी! एका माणसाने गर्दी वाचली होती, बरोबर वाचली होती, त्याचं वाचलेलं पुढे पोचलं नाही.

फ्रुइनने यासाठी चार गोष्टी सांगितल्यात, दाब, माहिती, जागा आणि वेळ. इंग्रजीत आद्याक्षरं जुळवली की 'फिस्ट' होतं, म्हणजे मूठ. यातली माहिती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढच्याला कळलेलं मागच्यापर्यंत जायला गर्दीत वाटच नसते. मागचा रेटतो तो दुष्टपणाने नाही, त्याला पुढे हालचाल दिसते म्हणून.

आणि ही वाट करता येते हे बघायचं असेल तर वारीत जा. माऊलींच्या पालखीत संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल जमतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानात दुसरं काही शिरत नाही. चोपदार हातातला दंड वर करतात. टाळ थांबतात. एवढा मोठा समुदाय आणि क्षणात शांत, अंगावर काटा येतो. आणि एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. बाकी सगळी शांतता आणि एका कोपऱ्यातून टाळ! मग चोपदार तिकडे जातात, काय ते ऐकतात. हरवलं-सापडलं पण तिथेच पुकारतात. म्हणजे एक वेगळं वागणारा गट आहे, पण त्याचं वेगळेपण सगळ्या समुदायाला वाचता येतं, आणि ते ऐकून घेणारा माणूस ठरलेला आहे. दिंडीतही पताकावाले पुढे, मग टाळकरी, पखवाजवाला, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि दिंड्यांना रथाच्या पुढचे-मागचे नंबर. सगळ्यांचा वेग एकसारखा करत बसलेलं नाही कुणी, ऐंशी वर्षांच्या आजी पण असतात, पण कोण कुठे असणार हे माहिती असतं. २०२७ ला नाशिकचा सिंहस्थ आहे, तिथे कॅमेरे आणि ड्रोन असतीलच, पण चोपदाराचं काम कोण करणार हे मला जास्त बघायचंय.

कामाचं थोडं सांगतो. गर्दीत आपला हात आपल्याच तोंडापर्यंत सहज नेता येत नसेल तर तिथून निघायची वेळ झालेली आहे, पुढे काय आहे ते बघायला थांबू नका. अडकलातच तर दोन्ही हात छातीपुढे धरा, बॉक्सर धरतो तसे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाट आली की तिच्याविरुद्ध रेटायचं नाही, ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरकायचं (हो, इथे तिरकं चालतं, १३ अंश विसरा), पण भिंत, खांब, रेलिंग यांच्यात आणि गर्दीत सापडायचं नाही. चप्पल गेली तर जाऊ द्या. फोन पडला तर तोही. ओरडण्यात श्वास घालवायचा नाही.

आणि बाकीच्या दिवशी, साध्या गर्दीत, थांबायचं असेल तर कडेला जाऊन थांबा. हे लिहायचा मला खरं तर अधिकार नाही. गेल्या महिन्यात आईला घेऊन त्याच दादरच्या ब्रिजवरून उतरत होतो. ती एक हात रेलिंगवर, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून, हळू पण न थांबता, आणि तिच्या मागे बिचारे लोक नीट रांग लावून उतरतायत, कुणी कटकट करत नाही. मला वाटलं हे शूट करावं, या लेखाला उपयोगी पडेल. चार पायऱ्या वरच थांबलो, फोन काढला आणि मागून आवाज आला, 'ओ काका, आजी चालतायत आणि तुम्हाला काय झालं?'